चूक कसली, ते आधी ओळखा

खान्देशातल्या दुसरीच्या वहीत ‘शाया’, ‘डोया’, ‘पानी’ असं दिसलं, की लगेच डिस्लेक्सियाचा, म्हणजे हुशारी असूनही वाचन-लेखन अडण्याचा, शिक्का मारू नका. घरी अहिराणी बोलणारं पोर ‘ळ’च्या जागी ‘य’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणतं आणि जसं बोलतं तसंच लिहितं. म्हणजे ऐकलेला आवाज अक्षरात उतरवणं त्याला छान जमतंय! धडगाव-अक्कलकुव्याकडे घरी पावरी किंवा भिली असेल, तर पुस्तकातली मराठी ही त्या मुलाची दुसरी भाषा. तिथे भाषा शिकवायची, तपासणीची घाई करायची नाही.

डिस्लेक्सियातली चूक एका जागी थांबत नाही. ‘मगर’ एका ओळीत ‘मरग’ होते, पुढच्या ओळीत ‘भगर’. तोंडी उत्तर चोख, वाचायला दिलं की अडखळणं. अक्षरं उलटी दिसतात म्हणून हे होतं, असं पालक सांगतात. पण मुख्य अडचण शब्दातले आवाज सुटे करण्यात असते. तरी डोळे आणि कान आधी तपासून घ्याच.

वर्गातली सोपी चाचणी तोंडीच घ्या. ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरलं? पाट. मग अवघड: ‘माठ’च्या सुरुवातीचा ‘म्’ काढा. आठ. पहिलीतलं मूल इथे अडणारच. तिसरीतलंही सराव करून अडत असेल, तर तज्ज्ञाकडे तपासणीला पाठवा. हे निदान नव्हे, नुसती खूण आहे. मराठीतून तपासण्यासाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही साधनं आहेत.

देवनागरीचे स्वतःचे सापळे आहेत. ‘कि’मधली वेलांटी लिहायची आधी, म्हणायची नंतर. ‘सूर्य’मधला ‘र्’ म्हणायचा ‘य’च्या आधी, बसतो मात्र त्याच्या डोक्यावर. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत. एक पक्कं झाल्यावर आठवड्याने दुसरं घ्या.

रोज पंधरा-वीस मिनिटं, तीन-चार मुलांचा गट पुरे. दोन मिनिटं आवाज तोडणं-जोडणं. मग एकच अक्षर किंवा मात्रा: म्हणत म्हणत वाळूत बोटाने गिरवायची, वेलांटी रंगीत खडूने. त्याच अक्षराचे पाच-सहा शब्द वाचायचे, तीन ऐकून लिहायचे. सगळी बाराखडी घोकून घेतली तर मूल चाल पाठ करतं. मधलाच ‘कु’ दाखवला की गप्प. दहा वेळा लिहायची शिक्षाही निरुपयोगी, कारण चुकीचंच दहादा गिरवलं जातं.

अक्षर गिचमिड पण वाचन बरं, किंवा फक्त हातच्याची बेरीज कोलमडते, तर उपाय वेगळे: पहिल्याला रुंद ओळींची वही, दुसऱ्याला दशकाच्या (दहा-दहा काड्यांच्या) जुड्या.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते; डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार. तिचं प्रमाणपत्र असेल तर केंद्राच्या सूचनांनुसार परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, गरजेनुसार लेखनिकही. मात्र लेखनिकाला सांगून लिहून घेण्याचा सराव आठवी-नववीतच सुरू करा. ऐन दहावीत पहिल्यांदा लेखनिक बसवला, तर जादा वेळ त्याला समजावण्यातच जातो.