थुंकी नको, बेडका हवा

ही डबी बघा. रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची. दोन आठवडे खोकला न थांबलेल्या माणसाच्या हाती ती येते आणि क्षयरोगाचं निदान इथून सुरू होतं. डबीत नुसती लाळ आली, तर पुढची यंत्रं कितीही महाग असोत, काही कामाची नाहीत. हवा असतो छातीतून खोकून काढलेला बेडका, शक्यतो सकाळी उठल्याउठल्या, कारण रात्रभर तो साचलेला असतो. हे रुग्णाला नीट समजावायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं देणारा तंत्रज्ञ, मला वाटतं, निम्मं निदान तिथंच करतो.

आता टेबलावर या. स्लाईडवर बेडक्याचा पातळ थर, त्यावर लाल कार्बोल फुक्सिन. खालून ज्योत, वाफ दिसेपर्यंतच. उकळी येता कामा नये. मग आम्ल. इतर जंतूंचा रंग त्यात धुऊन जातो. क्षयाच्या जंतूचं कवच मेणचट, ते रंग सोडत नाही. शेवटी निळा रंग चढवला की निळ्यावर बारीक लाल काड्या उठून दिसतात. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हाच जंतू जगासमोर मांडला.

‘जंतू नाहीत’ असं लिहिण्याआधी स्लाईडवरच्या १०० जागा तपासाव्या लागतात. डोळे शिणतात. तरीही मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार जंतू नसतील, तर ते नजरेतून निसटतात. मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, अंड्यापासून केलेल्या हिरव्या माध्यमावर. आतड्यातला ई. कोलाय जंतू २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला लागतात १५ ते २० तास. उत्तर यायला सहा-आठ आठवडे. तोवर घरातल्या धाकट्यालाही लागण होऊ शकते.

जनुक चाचणीनं ही वाट पाहणं तासांवर आणलं. जंतू आहे का, रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देतो का, दोन्ही कळतं. गोव्यात बनणारं ट्रूनॅट हे या चाचणीचं यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज जाणाऱ्या गावातल्या आरोग्य केंद्रातही ते ठेवता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्या वापराची शिफारस केली.

पण मेलेल्या जंतूचा डीएनएही या चाचणीत सापडतो. म्हणून औषध लागू पडतंय का, हे पाहायला पुन्हा स्लाईड आणि कल्चरच. दोन महिन्यांनी रुग्ण याच खिडकीशी येतो. अंगावर मांस आलेलं, खोकला जवळपास गेलेला. ‘आता बेडका पडतच नाही,’ तो म्हणतो. तंत्रज्ञ नवी डबी पुढे करतो आणि खोल श्वास कसा घ्यायचा ते पहिल्यापासून सांगू लागतो.