आरंभी येणारी स्त्रीलिंगाची खूण : गेलिक भाषांची रीत

मराठीत वाघाची वाघीण होते, तेव्हा बदल शब्दाच्या शेवटी घडतो. आयर्लंड, स्कॉटलंड आणि मॅन बेट येथील तिन्ही गेलिक भाषांत मात्र ही खूण बहुधा शब्दाच्या आरंभी येते. आयरिशमध्ये स्त्रीला ‘बॅन’ म्हणतात. वैदिक ‘ग्ना’ आणि ‘जनि’ यांच्याशी दूरचे नाते असलेला हाच शब्द उपसर्ग होऊन नामाला जोडला जातो आणि त्यामागून येणारे व्यंजन अनेकदा मृदू करतो. राजपुत्र ‘प्रिन्सा’, तर राजकन्या ‘बॅनफ्रिन्सा’. ‘बॅनरीन’ म्हणजे राणी. येथे तर स्त्रीत्व दोनदा आले आहे, कारण त्यातला ‘रीन’ हाच मुळी संस्कृत ‘राज्ञी’चा सगोत्र आहे. मॅन बेटाच्या भाषेत पुरुष शिक्षकाला ‘फेर’ आणि शिक्षिकेला ‘बेन’ लावून दोघांनाही सारखेच वागवले जाते.

आयरिश पोलीस दलात 1959 साली स्त्रिया दाखल झाल्या, तेव्हा त्यांना ‘बॅन-गार्डा’ हे वेगळे पदनाम मिळाले. 1990 साली ते रद्द झाले आणि सर्वांसाठी ‘गार्डा’ एवढेच उरले.

व्याकरणातले लिंग मात्र या उपसर्गाच्या आधाराने चालत नाही. मुलगी या अर्थाचा आयरिश ‘कॅलीन’ आणि स्त्री या अर्थाचा स्कॉटिश ‘बोरेनाख’ हे दोन्ही शब्द पुल्लिंगी आहेत, तरी त्यांच्याविषयी बोलताना सर्वनाम ‘ती’ असेच येते. कोकणीतले नपुंसकलिंगी ‘चेडूं’ ज्यांच्या कानावर आहे, त्यांना याचे फारसे नवल वाटू नये.

या भाषांची खरी सूक्ष्मता आडनावांत दिसते. ‘ओ ब्रियन’ म्हणजे ब्रियनचा वंशज; त्याची मुलगी ‘नी व्रियन’ होते, आणि पत्नी ‘बॅन ई व्रियन’, म्हणजेच ओ ब्रियनची स्त्री. ‘नी’ हा ‘कन्या’ आणि ‘वंशजाची’ अशा दोन शब्दांचा आक्रसलेला अवशेष आहे. ‘मॅक’ लावणाऱ्या घराण्यांत मुलीला ‘निक’ आणि आयर्लंडमध्ये पत्नीला ‘विक’ लागते. 1997 ते 2011 या काळात आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष असलेल्या मेरी मॅकअलीस यांच्या आयरिश नावात ‘विक’ आहे, कारण ते आडनाव पतीकडून आले. अनेक स्त्रिया मात्र विवाहानंतरही माहेरचे ‘नी’ किंवा ‘निक’च चालू ठेवतात.