उखळाचं नाव

(दृश्य: सोलापूरच्या जुन्या पेठेतला वाडा. जमिनीत बसवलेलं दगडी उखळ.)

धप्. धप्. धप्.

भाजलेल्या शेंगा, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट. मुसळ वर जातं, मूठ बदलते, खाली येतं. जरा जवळून बघा. कोरडा कूट हळूहळू चमकायला लागलाय. मिक्सरचं पातं दाणे कापतं, मुसळ दाणे चेपतं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. चेपलं की ते सुटतं आणि वरून थेंबभर न घालता चटणी गोळा धरते.

(दृश्य: उखळाचं तोंड, वरून.)

उखळ हा शब्द मात्र शेंगदाण्यापेक्षा कितीतरी जुना. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतून आलेला पाहुणा. उखळ ऋग्वेदात आहे, पहिल्या मंडलाच्या अठ्ठाविसाव्या सूक्तात. तिथं त्याचं नाव उलूखल. ऋषी त्याला म्हणतो, तुला घरोघरी जुंपतात खरं, पण इथं जिंकणाऱ्यांच्या दुंदुभीसारखा खणखणीत बोल. तिथं कुटायचा होता सोम, यज्ञातल्या पेयाची वनस्पती, पण आवाजाचं कौतुक तेच.

उलूखल म्हणजे काय, याची उत्तरं प्राचीन शब्दपंडित यास्कानं निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ सांगणाऱ्या ग्रंथात, दिली, आणि एक नाही, तीन दिली. उरुकर, म्हणजे पुष्कळ करणारं. ऊर्ध्वख, वर भोक असलेलं. ऊर्क्कर, अन्न करणारं. ‘मला उरु कर’, मोठं कर, असं ते स्वतःच म्हणालं, हेही वर जोडलं. आजचे भाषाशास्त्रज्ञ अशा ध्वनीवरून जुळवलेल्या व्युत्पत्त्या मानत नाहीत. पण उखळात वाकून बघितलं की ‘वर भोक असलेलं’ हे काही खोटं वाटत नाही.

पुढे प्राकृतात उलूखलाचं उक्खल झालं, मराठीत उखळ, हिंदीत ओखली. सोलापुरात एवढ्यावर भागत नाही. पूर्व भागातल्या तेलुगू घरात याला रोलु म्हणतात, मुसळाला रोकली. अक्कलकोटकडच्या कानडी घरात ओरळु आणि ओनके. वस्तू एक, शेजार तीन भाषांचा.

(दृश्य: लग्नघर. आंब्याची पानं बांधलेली मुसळं, सुवासिनी घाणा भरताहेत.)

मराठीनं उखळाला स्वयंपाकघरातच ठेवलं नाही. लग्नात ते पूजेला बसतं. आकाशाकडे तोंड करून गोळा फेकणारी तोफ उखळी झाली. आणि उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, हे तर रोजचंच. एखाद्याला पैसा मिळाला की त्याचं उखळ पांढरं होतं. सोलापुरात ते लाल होतं, तो भाग वेगळा.

(दृश्य: चटणी ताटलीत काढून झाली आहे.)

तळाला तेलकट थर उरलाय. तो धुवायचा नसतो. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आत फिरवायचा, गोल, कडेपासून तळापर्यंत. हा मान घरातल्या धाकट्याचा. तो केव्हाचा हात धुऊन बसलाय.