मे महिन्यातली लस आणि गावातले मेडिकल

(विदर्भातील एका तालुक्याच्या ठिकाणी औषध विक्रेते, औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी आणि आशाताई यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप.)

उपस्थित बंधुभगिनींनो,

हंगामी फ्लूची लस गावातल्या औषध दुकानातून देता येईल का, या प्रश्नावर मी बोलावे असे आपण सुचवले, तेव्हा मला आधी एक बाई आठवल्या. मी त्या वेळी बाजारपेठेच्या एका गावात मेडिकल चालवत होतो. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. त्या बाईंना आठ दिवसांपासून ताप आणि खोकला होता, बोलताना धाप लागत होती, आणि त्या उभ्या उभ्या मला म्हणाल्या, "भाऊ, मले इथंच एखादी सुई लावून द्या ना. मोठ्या दवाखान्यात जाऊ तर दोन रोज बुडतात." मी त्यांना सुई दिली नाही, कारण तो माझा अधिकार नव्हता, चिठ्ठी लिहून तालुक्याला पाठवले. त्या लगेच गेल्या नाहीत. चार दिवसांनी गेल्या, तेव्हा न्यूमोनिया झालेला होता. त्या बऱ्या झाल्या, पण त्या वर्षीची सगळी वेचणी त्यांच्या हातून गेली. आजाराची किंमत औषधाच्या बिलात मावत नाही, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहून शिकलो, आणि आजचे माझे बोलणे तिथूनच सुरू होते.

फ्लू म्हणजे साधे सर्दी-पडसे नव्हे, हे आपल्यासारख्या जाणकारांना सांगण्याची गरज नाही. पण गिऱ्हाइकाला ते सांगावे लागते. आपल्या पणजोबांच्या पिढीने १९१८ मध्ये ज्या साथीला 'मानमोडी' म्हटले, ती फ्लूचीच साथ होती, आणि त्या साथीत मध्य प्रांत व वऱ्हाड हा भाग देशातल्या सर्वाधिक मृत्युदर असलेल्या भागांत मोडत होता. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, धान्य महाग झाले होते, आणि उपाशी शरीरावर तो ताप येऊन पडला. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. मात्र तो एच१एन१ विषाणू नंतर कुठेही गेला नाही, दरवर्षीच्या हंगामी फ्लूत मिसळून तो आपल्यातच राहिला आहे. आजच्या लसीत त्याच्याविरुद्धचा घटक असतो, सोबत एच३एन२ आणि 'बी' गटातल्या विषाणूविरुद्धचा.

आता आपल्या गावांत हा विषाणू कोणाला अधिक छळतो ते पाहू. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायकांची फुप्फुसे आधीच थकलेली असतात. जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत काम केलेल्या माणसांचीही तीच गत असते. साठी-पासष्टी ओलांडलेले लोक, मधुमेहाचे आणि हृदयविकाराचे रुग्ण, गरोदर स्त्रिया हे तर सगळीकडेच जोखमीचे गट मानले जातात. पण विदर्भात त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांची भर घालावी लागते. सिकलसेल असलेल्या मुलाला किंवा तरुणाला ताप आणि फुप्फुसाचा संसर्ग किती झपाट्याने संकटात नेतो, हे गडचिरोली, चंद्रपूर किंवा गोंदियाकडच्या कोणत्याही परिचारिकेला विचारून पाहावे. या रुग्णांची यादी कोणाकडे असते? आशाताईंकडे असते, उपकेंद्रात असते, आणि पुष्कळदा ती मेडिकलवाल्याच्या डोक्यातही असते, कारण दर महिन्याला साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या न्यायला कोण येतो, कोणाचा मुलगा सिकलसेलसाठी फॉलिक अॅसिड घेतो, हे त्याला तोंडपाठ असते. लसीकरणाच्या दृष्टीने ही फार मोठी पुंजी आहे, आणि ती आज पडून आहे.

लसीचे गुणही अवास्तव सांगू नयेत. विषाणूशी लसीचा मेळ चांगला बसतो त्या वर्षी आजार होण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. मेळ बसला नाही तर त्याहून कमी. मात्र आजार झालाच तर तो गंभीर होण्याचे, रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण घटते, आणि आपल्या रुग्णासाठी तेच महत्त्वाचे आहे. टोचण्याच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. त्यामुळे लसीनेच फ्लू होतो ही समजूत खरी नाही. दंड दुखतो, क्वचित एखादा दिवस कसकस वाटते, इतकेच.

आता मी या विषयाच्या गाभ्याकडे येतो. इंग्लंडमध्ये औषध दुकानांतून फ्लूची लस देण्याची देशव्यापी योजना २०१५ मध्ये सुरू झाली, अमेरिकेत २००९ पर्यंत सर्व ५० राज्यांनी फार्मासिस्टला लस टोचण्याची मुभा दिली, आयर्लंडमध्ये हे २०११ पासून चालते. तिथल्या अनुभवातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु तिथले वेळापत्रक आपल्याला उचलता येत नाही. त्यांचा फ्लू थंडीत येतो, म्हणून ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लस घेतात. आपल्याकडे देशाच्या बहुतांश भागांप्रमाणे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत असतो. लस घेतल्यावर शरीरात पुरेसे प्रतिपिंड तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि मृग लागला की शेतकरी बियाण्याच्या आणि पेरणीच्या मागे लागतो. म्हणजे आपल्या माणसाला लस द्यायची योग्य वेळ मे महिना ते जूनचा पहिला आठवडा. शेत रिकामे असते, माणूस गावात सापडतो. सोय दिसते, पण नेमक्या त्याच महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि ही लस तर २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी लागते.

यातच दुसरी गुंतागुंत आहे. जागतिक आरोग्य संघटना लसीत कोणते विषाणू असावेत हे वर्षातून दोनदा सुचवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. लस तयार होऊन बाजारात यायला सुमारे सहा महिने जातात. साहजिकच मे महिन्यात आपल्या घाऊक विक्रेत्याकडे उत्तर गोलार्धाचा जो साठा असतो तो आदल्या वर्षीच्या सूत्राचा आणि मुदत संपत आलेला असतो. दक्षिण गोलार्धाच्या सूत्राची ताजी लस मागवायची तर मार्चमध्येच मागणी नोंदवावी लागेल. खोक्यावरचे वर्ष, गोलार्ध आणि मुदत वाचल्याशिवाय माल उतरवून घेऊ नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावतो.

तापमानाबद्दल मी थोडे सविस्तर बोलतो, कारण इथे माझ्या हातून चूक झालेली आहे. दुकान लावल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत मी घरगुती फ्रिजमध्येच इन्सुलिन आणि लसी ठेवत असे. लाइट गेली की लसी गरम होतील ही एकच भीती मनात होती, म्हणून मी खोकी बर्फाच्या कप्प्याला अगदी चिकटवून ठेवली. एका सकाळी पाहिले तर मागच्या बाजूच्या दोन कुप्या गोठून घट्ट झालेल्या होत्या. उन्हाची भीती बाळगताना थंडीनेही लस मरते हे मी विसरलो होतो. गोठलेली फ्लूची लस वितळून दिसायला पहिल्यासारखी झाली तरी ती वापरायची नसते. त्या दोनच नव्हे, तर त्या रांगेतली सगळी खोकी मी बाजूला काढली, कारण कोणती किती गार झाली हे सांगायला माझ्याकडे तापमापकच नव्हता. त्या दिवसापासून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात तापमापक ठेवला, सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायला लागलो, दरवाजाच्या कप्प्यात औषध ठेवणे बंद केले, खालच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या म्हणजे लाइट गेल्यावर गारवा टिकतो हे शिकलो, आणि फ्रिजमध्ये दूध, पाण्याचे ग्लास, घरचे लोणचे येऊ देणे थांबवले. आपल्यापैकी किती जणांच्या दुकानात आज ही वही आहे? अन्न व औषध प्रशासन लसी विकण्यासाठी जो परवाना देते त्यात शीतगृहाची अट असतेच. पण फ्रिज असणे वेगळे आणि मे महिन्यातल्या दुपारी चार तासांच्या भारनियमनातही त्यात ८ अंशांच्या आत तापमान आहे हे वही दाखवून सिद्ध करता येणे वेगळे. त्यासाठी इन्व्हर्टर लागेल, आणि लाइट लांबलीच तर लस शीतपेटीत हलवून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आयएलआरमध्ये, म्हणजे लाइट गेल्यावरही गारवा टिकवणाऱ्या लसींच्या खास फ्रिजमध्ये, नेऊन ठेवण्याची आधीच बोललेली व्यवस्था लागेल.

आता कायद्याचे. आपल्या देशात औषध दुकानातल्या फार्मासिस्टने स्वतःच्या अधिकारात लस टोचावी अशी तरतूद आज नाही. ही लस डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायची असते. म्हणून उद्यापासून सुई हाती घ्या असे मी म्हणत नाही. तसे कोणी केले तर तो रुग्णाचा आणि आपल्या व्यवसायाचा, दोघांचाही घात होईल. परंतु फार्मासिस्टच्या हाती सुई देणे अगदीच अशक्य आहे असेही नाही. डिसेंबर २०२० मध्ये कोविड लसीकरणासाठी केंद्राने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात लस टोचणारी व्यक्ती म्हणून डॉक्टर, परिचारिका, एएनएम (उपकेंद्रातल्या सहायक परिचारिका-प्रसाविका) यांच्याबरोबर फार्मासिस्टचाही उल्लेख होता. गरज पडली तेव्हा शासनाने हा विचार केला. प्रशिक्षण, लेखी निर्देश आणि जबाबदारी यांची चौकट तयार झाली तर तो पुन्हा करता येईल.

ही मागणी करण्याआधी आपण आपल्याच घरातली एक गोष्ट नीट केली पाहिजे, आणि ती मी आपल्यासमोर स्पष्ट बोलतो. भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र आणि काउंटरवर दुसराच माणूस, हे चित्र आपल्या तालुक्यातालुक्यांत आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे आहे. जो माणूस दुकानात हजरच नसतो, त्याच्या नावावर समाजाने लसीकरणाचा अधिकार का द्यावा? हा प्रश्न मला विचारला गेला आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या दुकानात फार्मासिस्ट सकाळपासून रात्रीपर्यंत स्वतः उभा असतो, त्याच दुकानाचे नाव पहिल्या यादीत असावे. अशी दुकाने खेड्यांत आहेत, मी ती पाहिली आहेत.

कायदा बदलेपर्यंत काय करता येईल? मला वाटते, आठवडी बाजाराच्या दिवशी, जेव्हा आसपासच्या पंधरा-वीस गावांची माणसे बाजारपेठेत येतात, तेव्हा मेडिकलमध्येच किंवा शेजारच्या दवाखान्यात डॉक्टर आणि परिचारिका यांनी बसावे आणि लस त्यांनीच टोचावी. आशाताईंनी आपल्या यादीतल्या जोखमीच्या माणसांना आदल्या आठवड्यात सांगून ठेवावे. फार्मासिस्टने लस मागवणे, साठवणे, खोक्यांची तपासणी, नोंद आणि पुढच्या वर्षीची आठवण ही कामे करावीत. सुरुवात अठरा वर्षांवरच्या माणसांपासून करावी; लहान मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, म्हणून ती आणि गरोदर माता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या देखरेखीखालीच राहाव्यात. पैशांचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. ही लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही, आणि खासगीत एका मात्रेला बहुधा हजार रुपयांच्या वर मोजावे लागतात. शेतमजूर बाईच्या दृष्टीने ती चार-पाच दिवसांची मजुरी झाली. जोखमीच्या गटांसाठी लस शासनाने पुरवली तरच दुकानाचा उपयोग त्या बाईला होईल, नाही तर तो फक्त पैसेवाल्यांना होईल. ही मागणी आपण औषध विक्रेत्यांनीच लावून धरावी असे मला मनापासून वाटते, भले त्यात आपला नफा कमी असो.

टोचल्यानंतरचे कामही दुकानालाच निभवावे लागेल. सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही. ती पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात जाते, आणि तो डबा जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीपर्यंत पोहोचला पाहिजे. २०१६ च्या नियमांत लसीकरणाची शिबिरेही येतात, त्यामुळे इथे सवलत नाही. अॅनाफिलॅक्सिस ही तीव्र अॅलर्जी अतिशय क्वचित होते, पण होते तेव्हा काही मिनिटांतच होते. त्या वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचे अॅड्रेनॅलिन हाताशी हवे, त्याची मुदत तपासलेली हवी, आणि ते द्यायला डॉक्टर तिथे हवेत. म्हणूनच लस घेतलेल्या माणसाला किमान पंधरा मिनिटे, शक्य तर अर्धा तास, नजरेसमोर बसवून ठेवावे लागते.

आपल्या मेडिकलमध्ये आजवर गिऱ्हाईक उभ्यानेच आले आणि उभ्यानेच गेले. मे महिन्याच्या उन्हात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला अर्धा तास बसवायचे तर सावलीत एक बाक लागेल, वर पंखा आणि जवळ पाण्याचा माठ लागेल, आणि काउंटरवरून तो माणूस दिसत राहील अशी त्या बाकाची जागा लागेल. आज दुकानात परत गेल्यावर ती जागा आपण मोजून पाहावी, आणि फ्रिजमध्ये तापमापक आहे की नाही तेही उघडून पाहावे.