उजेड कुठे जातो?

श्रोतेहो, नमस्कार. खोलीतला दिवा बंद केला की उजेड जातो कुठे? भिंतीत. पांढरा रंग अंगावर आलेल्या प्रकाशाचा साधारण ८० टक्के भाग परत फेकतो, उरलेला गिळून त्याची उष्णता करतो. तीन मीटरची खोली प्रकाश सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात ओलांडतो. म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात शंभर धडका, आणि तेवढ्यात पाचशे कोटी फोटॉनांमागे, म्हणजे प्रकाशाच्या कणांमागे, एखादाच शिल्लक राहतो.

फोटॉन म्हातारा होत नाही. त्याला वस्तुमान नाही, आणि तो आपोआप विरल्याचं आजवर कधी आढळलेलं नाही. तो संपतो तो कशात तरी शोषला जाऊन. वाटेत काही आलं नाही, तर चालतच राहतो.

मग १८१७ साली नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर झालेली लढाई अवकाशात अजून 'दिसते' का? ढग चुकवून वर निसटलेला उजेड आज दोनशेहून जास्त प्रकाशवर्षं दूर आहे खरा. पण तो इतका पांगलाय, की उन्हातल्या चौरस मीटरभर जागेवरून निघालेला एक फोटॉन पकडायला तिथे चौरस मीटरचा आरसा धरला, तर दोन-तीन अब्ज वर्षं थांबावं लागेल. मीटरभराची वस्तू वेगळी ओळखायची तर आरसा शंभर कोटी किलोमीटरहून रुंद हवा. खूण फोटॉनांच्या गर्दीत असते. सुट्या फोटॉनात लढाई नसते.

गर्दी मोठी असली की मात्र जमतं. नोव्हेंबरात अमावास्येच्या आसपास रात्री आठ-नऊला शहराच्या दिव्यांपासून लांब, रामटेकच्या बाजूला वगैरे जा. डोक्यावर भाद्रपदांचा चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून देवयानी तारकासमूहाच्या रांगेत दुसरा ठळक तारा गाठा, तिथून काटकोनात वायव्येला वळून दोन मंद तारे मोजा. दुसऱ्याच्या शेजारी धुरकट डाग आहे, ती देवयानी दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा प्रचंड समूह. थेट रोखून पाहू नका, नजर जराशी बाजूला ठेवा. ७×५० ची (सात पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) दुर्बीण असेल तर उत्तमच.

तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघाला. तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर एक वाकडा रेणू त्यामुळे सरळ होतो, आणि फोटॉन तिथे संपतो. रेणू पुन्हा वाकून तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून आधी अर्धा तास अंधारात बसायचं. मध्येच मोबाईल उघडलात तर तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून.