टॉवेलच्या काठावरची पट्टी

(काळा पडदा. फक्त मागाचा आवाज. मग हळूहळू उजेड.)

या आवाजात मी लहानाची मोठी झाले. सोलापूरच्या पूर्व भागात माग चालू असताना झोप लागते आणि वीज गेली की जाग येते. खाली चार माग, एक शिलाई मशीन, सुताची एक खोली. वर आमचं राहतं घर. अण्णा टॉवेल विणतात, आई त्यांच्या कडा शिवते. गठ्ठे बांधून माल पेठेत जातो, वजनकाट्यावर चढतो आणि किलोच्या भावानं विकला जातो. टॉवेल कसा विणलाय, मऊ किती आहे, पाणी किती पितो, हे काट्याला कळत नाही.

हे काट्याला कसं कळवायचं, या विचारातून मी एका बिझनेस प्लॅन स्पर्धेत उतरले.

(अक्कलकोट. लॉजची गच्ची. दोरीवर वाळणारे पांढरे टॉवेल.)

सुरुवात इथून झाली. स्वामींच्या दर्शनाला गेलो होतो, मुक्काम एका छोट्या लॉजवर. सकाळी गच्चीवर गेले तर मॅनेजर काका टॉवेल मोजत होते. चार वेळा मोजले, आकडा जुळेना. तीन लॉजचे टॉवेल एकाच धोब्याकडे जातात, सगळे पांढरे, सगळे सारखे. आपले नवे जातात आणि दुसऱ्याचे विरलेले परत येतात. काका म्हणाले, "बाई, कुणाचा कुठला ते आता स्वामींनाच ठाऊक."

प्रत्येक लॉजच्या टॉवेलला काठावर त्याच्या त्याच्या रंगाची पट्टी विणून दिली तर? माझी कल्पना एवढीच.

परत आल्यावर कॉलेजच्या ग्रुपवर पुण्यातल्या एका स्पर्धेचा फॉर्म दिसला. पहिल्या फेरीला दोन पानांचा आराखडा, निवड झाली तर परीक्षकांपुढं आठ मिनिटांचं सादरीकरण. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "प्रोजेक्ट रिपोर्ट ना? आपल्याकडे आहे की."

(कपाट. धूळ बसलेली फाइल.)

ही ती फाइल. माग घ्यायला बँकेचं कर्ज काढलं, तेव्हा सीएकडून करून घेतलेली. पाच वर्षांची विक्री, पाच वर्षांचा नफा, सगळे आकडे चढते. अण्णांनी ती आजवर उघडून वाचलेली नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. ती बँकेसाठी होती. पैसे परत कसे येणार, एवढंच बँकेला हवं असतं. स्पर्धेतला परीक्षक त्याच्या बराच आधी जाऊन थांबतो. हे घेणार कोण? तो आज काय करून भागवतो? तुमचं का घेईल? या प्रश्नांची उत्तरं फाइलमध्ये नव्हती आणि माझ्याकडेही नव्हती.

ही स्पर्धेची पद्धत आली कुठून, तेही सांगते. 1984 मध्ये अमेरिकेत, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात, एमबीएच्या विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. कायद्याचे विद्यार्थी सरावासाठी खोटे खटले चालवतात, तसे आपण सरावासाठी धंदे मांडू, असा त्यांचा विचार होता. अशा सरावाच्या खटल्याला मूट कोर्ट म्हणतात, नावही त्यावरूनच, मूट कॉर्प. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ई-सेलची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या उद्योजकता मंडळाची, युरेका स्पर्धा 1998 पासून आहे. 2022 मध्ये तर राज्य सरकारची स्टार्टअप यात्राच जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली, आणि जिल्ह्याच्या पातळीवरच पहिलं बक्षीस 25 हजार रुपयांचं होतं. म्हणजे गाडी पकडून पुण्या-मुंबईलाच जायला हवं असंही आता राहिलेलं नाही.

(पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट. लॉजच्या पाट्या.)

फॉर्ममध्ये एक रकाना होता: तुम्ही किती ग्राहकांशी बोललात? मी एकाशी बोलले होते. मग वही घेऊन निघाले. एसटीनं, कधी भावाच्या गाडीवर, तीन गावांतली 19 लॉजं. आपल्याकडची ही सगळी तीर्थं एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत, हे माझं नशीब.

मला वाटत होतं, खरं दुखणं चोरीचं असणार, पाहुणे टॉवेल बॅगेत घालून नेत असणार. बहुतेक मालक त्यावर हसले. ते म्हणाले, चोरी होते, पण ती हिशेबात धरलेलीच असते. त्रास होतो तो अदलाबदलीचा, आणि दुसरा, मी कधी मनातही आणला नव्हता तो: कुठला टॉवेल किती जुना आहे ते कळत नाही. नव्या गठ्ठ्यात जुना मिसळतो, तोच नेमका पाहुण्याच्या हातात जातो आणि लॉजचं नाव खराब होतं. तुळजापूरच्या एका मावशींनी तर मला सांगूनच टाकलं, "दरवर्षी पट्टीचा रंग बदलून दे. मी तुझ्याकडून घेते."

माझ्या आराखड्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य त्या मावशींचं आहे. स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे कळकळीनं सांगते: लॅपटॉप उघडायच्या आधी वही घेऊन बाहेर पडा. आम्ही सोलापूरकर मालाच्या बाबतीत पक्के आहोत, पण गिऱ्हाईक पेठेच्या पलीकडे असतं आणि पेठेच्या पलीकडे आम्ही जात नाही.

(माग. अण्णांचे हात. धोट्यात लाल सुताची कांडी.)

आता पट्टी विणायची कशी? सोपं वाटलं होतं. उभ्या धाग्यात रंग घातला तर वार्पिंगपासून, म्हणजे उभे धागे लावण्यापासून, सगळं त्या एकाच रंगाचं भरावं लागतं, आणि ते धागे गुंडाळलेल्या एका बीममधून शेकड्यांनी टॉवेल निघतात. साठ टॉवेल हवे असणाऱ्या छोट्या लॉजला ते परवडणार कसं? अण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माग थांबवून त्यांनी धोटा काढला, लाल कांडी भरलेला दुसरा धोटा घातला, चार बोटं विणलं आणि पुन्हा पांढरा घातला.

नीट बघा. टॉवेलच्या टोकाला लूप नसतात, सपाट वीण असते. रंग तिथं आडव्या धाग्यात जातो. आणि एका टॉवेलचं शेवटचं टोक पुढच्याच्या पहिल्या टोकाला लागूनच येतं, त्यामुळं कापायची जागा मध्ये धरून दोन्ही पट्ट्या एकाच थांब्यात होतात. हे अण्णांचं डोकं. थांब्यामुळं एका मागावर दिवसाला पाच-सहा टॉवेल कमी निघतात, तेही त्यांनीच मोजलं. ही तूट मी खर्चात धरली, आणि परीक्षकांनी सगळ्यात आधी बोट ठेवलं ते याच ओळीवर. माग थांबतो म्हणजे नेमका किती वेळ, असं त्यांनी विचारलं. सांगता आलं, कारण मी मागाशेजारी उभी राहिले होते.

(सोलापूर स्टेशन. सकाळ. हुतात्मा एक्सप्रेस.)

आराखडा निवडला गेला, पुण्याला निघाले. कुर्डुवाडीपर्यंत मी भाषण पाठ करत होते. इंग्रजीत. स्लाइड इंग्रजीत, भाषण इंग्रजीत, कारण तसंच असतं असं मला वाटत होतं. दौंड जवळ आल्यावर आयोजकांना फोन केला, "मराठीत बोललं तर चालेल का?" पलीकडून उत्तर आलं, "चालेल, प्रश्नही मराठीत विचारू." एवढा एक फोन मी महिनाभर आधी करायला हवा होता. ज्या भाषेत तुम्ही मालाचा भाव करता, त्या भाषेत तुम्हाला आकडे विसरायला होत नाहीत. नियमात इंग्रजी सक्तीची नसेल तर विचारून घ्या. सक्तीची असेल तर स्लाइड इंग्रजीत ठेवा आणि बोलण्याची परवानगी मागा. लाजायचं काही कारण नाही.

आठ मिनिटांतली पाच मी बोलले, तीन प्रश्नांना. माझ्या मते स्पर्धा म्हणजे ही शेवटची तीन मिनिटं.

मला अडवणारा पहिला प्रश्न: दुसरा कोणी हे उद्या करू लागला तर? मी अभिमानानं सांगितलं, सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "ते सोलापूरचं आहे. तुमचं काय?" मी गप्प. नंतर गाडीत सुचलं: 19 लॉजांची माझी वही, कुणाचा रंग कोणता, कुणी कधी घेतला, कुणाचा बदलायची वेळ कधी येणार. ती वही माझी आहे.

दुसरा प्रश्न उधारीचा. सूत रोखीनं घेता, लॉजवाले पैसे कधी देतात? "दोन-तीन महिन्यांनी." मग पाचशे टॉवेलची ऑर्डर आली तर सुताला पैसे कुठून आणणार? नफा दिसत असतानाही धंदा कसा बसतो, ते मला त्या अर्ध्या मिनिटात कळलं. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल, करारात काहीही लिहिलेलं असो, जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं लागतं, ही माहितीही तिथंच मिळाली. त्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे आणि आमच्या गल्लीत ती न केलेले कितीतरी कारखाने आहेत. आता आमच्या प्रत्येक बिलावर नोंदणीचा नंबर आहे. म्हणून सगळे वेळेवर देतात असं नाही, पण मागताना आवाज खाली जात नाही.

तिसरा प्रश्न होता, "खर्चात शिवणकामाची मजुरी दिसत नाही."

"ते आई करते."

"आणि मागणी दुप्पट झाली तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा भाव, माझा नफा, सगळं आईच्या न मोजलेल्या दुपारींवर उभं होतं.

(परतीची गाडी. खिडकीबाहेर अंधार.)

पहिल्या तिघांत माझं नाव नव्हतं. वाईट वाटलं, दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

मधल्या काळात आणखी दोन स्पर्धांना गेले, काहींना मुद्दाम गेले नाही. बक्षिसाचा मोठा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. त्यात रोख किती आणि सॉफ्टवेअरची क्रेडिट, मार्गदर्शनाचे तास, कार्यालयात बसायची जागा असलं किती, ते नियमांत शोधा. बक्षिसाच्या बदल्यात धंद्यातला हिस्सा मागतात का, तेही वाचा. प्रवेशालाच जबर फी असेल तर मी तरी तो फॉर्म बाजूला ठेवते.

इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण ती बरीच यंत्रं बनवतात आणि उत्साहात सगळीकडे दाखवत सुटतात. माझ्या पट्टीत पेटंट घेण्यासारखं काही नव्हतं. तुमच्या यंत्रात असेल तर मंचावर चढायच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा. वस्तू आधीच जाहीर झाली की तिचं नवेपण गेलं असं कायदा धरतो. व्यक्तीला आणि स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचं शुल्क 1600 रुपये आहे, आणि पूर्ण तपशील द्यायला पुढे 12 महिने मिळतात.

प्रत्येक ठिकाणी टीमबद्दल विचारतात. मी एकटी, असं सांगायला सुरुवातीला कसंसंच व्हायचं. मग मला आपल्याच गावचे वालचंद आठवले. वालचंद हिराचंद, जन्म सोलापूरचा, 1882. पुढं जहाजं, विमानं, मोटारी उभ्या करणारा हा माणूस पहिल्यांदा रेल्वेच्या कंत्राटात उतरला तो लक्ष्मणराव फाटकांबरोबर. रेल्वेचं काम फाटकांना ठाऊक, भांडवल उभं करायची ताकद वालचंदांची. आता मी टीमच्या स्लाइडवर तीन नावं लिहिते. विणकाम अण्णा, शिलाई आई, गिऱ्हाईक आणि हिशेब मी. अण्णांना ती स्लाइड दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. आमचे गहूच होते, बाळा."

(वर्कशॉप. दुपार. शिलाई मशीन. शेजारी उघडी वही.)

तुळजापूरच्या मावशींची ऑर्डर आलीय, 80 टॉवेल, यंदाचा रंग हिरवा. किलोवर नाही, नगावर. अक्कलकोटच्या काकांनी निळा ठरवलाय, त्यांचे 60. दोघांनीही अर्धे पैसे आधी दिलेत. तसं मी मागितलं म्हणून दिले.

मी खर्चाचं पान नव्यानं लिहिलं. सूत, रंग, वीज, अण्णांची मजुरी, माग थांबण्याची तूट. आणि त्याखाली नवी ओळ: शिलाई, आई, नगाला दीड रुपया. वही तशीच उघडी राहिली होती. आईनं मशीन थांबवलं, चष्मा वर सरकवला, ती ओळ दोनदा वाचली. मला वाटलं, आता म्हणेल, घरच्या घरात कसली मजुरी.

ती म्हणाली, "शेजारच्या काकू दोन रुपये घेतात. मला दीड का?"

मी दीड खोडून दोन लिहिलं. आईनं पुढचा टॉवेल सुईखाली घेतला.

(मशीनचा आवाज. मागाचा आवाज त्यात मिसळतो. पडदा काळा.)