लाल ताऱ्याची पाठ

(दृश्य : काळ्या मखमलीवर पाच टोकांचा गडद लाल तारा. दोन बोटं तो उचलतात आणि लगेच पालथा करतात.)

पुढची बाजू सावकाश बघू. जुनी सोव्हिएत पदकं रोज हाताळणारा माणूस तारा हातात आला की आधी तो पालथा करतो. खरा की खोटा, ह्यावरची शंभरातली नव्वद भांडणं तिथेच मिटतात.

हा 'ऑर्डर ऑफ द रेड स्टार', म्हणजे लाल तारा सन्मान. स्थापना 6 एप्रिल 1930. पुढच्या साठेक वर्षांत तो 38 लाखांहून अधिक वेळा दिला गेला, त्यामुळे सोव्हिएत सन्मान जमवायला लागलेल्याच्या हाती पहिल्यांदा बहुधा हाच येतो. आणि पहिली फसवणूकही बहुधा ह्याच्याच खरेदीत होते.

आता पुढची बाजू. टोकापासून टोकापर्यंत 47 ते 50 मिलिमीटर. चांदीवर माणकासारखी लाल मीनाकारी. मध्ये रायफल घेतलेला, लांब कोट घातलेला लाल सेनेचा शिपाई. त्याच्याभोवती 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा' ही घोषणा, जी आपल्याकडे गिरणगावाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकली. खाली विळा-हातोडा आणि चार अक्षरं, जी आपण 'सीसीसीपी' अशी वाचून मोकळे होतो. रशियन लिपीत तो उच्चार 'एस एस एस एर' असा आहे, सोव्हिएत संघाच्या नावाची आद्याक्षरं. एकूण वजन साधारण 33 ग्रॅम, दीडेक ग्रॅम इकडेतिकडे. त्यात शुद्ध चांदी साडेसत्तावीस ग्रॅमच्या आसपास. शिपायाची आकृती मुद्दाम काळपट केलेली असते. ती लख्ख पांढरी दिसली, तर कुणीतरी चांदीची भांडी घासायच्या पावडरीने तारा उजळलाय असं समजा. तो मूळ काळेपणा जसाच्या तसा परत आणता येत नाही.

(दृश्य : ताऱ्याची पाठ, भिंगातून. मधली आटे पाडलेली दांडी. शेजारी गोल फिरकी.)

आणि ही पाठ. मधोमध आटे असलेली एक दांडी. गणवेशाच्या उजव्या छातीला भोक पाडून ही दांडी आत घालायची आणि आतून चकतीसारखी फिरकी आवळायची. आपल्याकडे कानातल्याला फिरकी असते, नेमकी तीच युक्ती, फक्त आकाराने दांडगी. पाठीवर टांकसाळीचा ठसा असतो : 'मोनेत्नी द्वोर'. मोनेता म्हणजे नाणं, आणि 'द्वोर' हा आपल्या 'द्वार'च्या भावकीतला शब्द. ठसा साच्यातूनच उमटलेला असतो. क्रमांक मात्र तसा नसतो.

प्रत्येक ताऱ्याला स्वतःचा, चढत्या ओळीतला क्रमांक असतो आणि तो कोरलेला असतो. युद्धकाळातल्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या, ताऱ्यांवर तो हाताने, टाकीसारख्या बारीक हत्याराने घातलेला दिसतो. भिंगाखाली धरलात तर प्रत्येक रेघ एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेलेली दिसेल. कारागिराचा हात जिथे उठला, तिथे चांदीचं बारीकसं कुसळ राहतं. नंतरच्या वर्षांत फिरत्या यंत्राने आकडे घालायला लागले. त्या रेघा एकसारख्या जाड असतात, कडा जराशा थरथरलेल्या, दंतवैद्याच्या ड्रिलने लिहावं तशा. म्हणून युद्धकाळातला क्रमांक आणि यंत्राची रेघ अशी जोडी समोर आली, की तारा खाली ठेवायचा आणि चहा मागवायचा.

क्रमांक खोडून दुसरा घालण्याचा धंदा जुना आहे. कुणाकडे एखाद्या वैमानिकाची कागदपत्रं असतात, तारा हरवलेला असतो. मग कुठलाही साधा तारा घ्यायचा, मूळ आकडे घासून काढायचे आणि कागदावरचे आकडे कोरायचे. किंमत कित्येक पट. पण घासलेली चांदी कुठेतरी गेलेलीच असते. तारा उजेडात तिरका धरून हळूहळू फिरवा. आकड्यांच्या जागी उथळ बशीसारखा खळगा असेल, तर उजेडाची रेघ तिथे वाकते. शेजारच्या ठशाची अक्षरं एका बाजूने बोथट झालेली असतात. नव्या आकड्यांच्या तळाशी जुना काळपटपणा नसतो, चांदी चकाकते. हे झाकायला गंधकाचं रसायन लावून काळं करतात, पण तो रंग सगळीकडे सारखा बसतो. वर्षानुवर्षं अंगावर राहिलेल्या ताऱ्याचं तसं नसतं. त्याच्या कडा घासून उजळलेल्या असतात आणि खाचा काळ्या राहतात.

क्रमांकानंतर रशियन 'द' अक्षर, म्हणजे दोन पायांवर उभं राहिलेलं घर, दिसलं तर दचकू नका. तो खोटेपणा नव्हे. मूळ तारा हरवल्यामुळे सरकारने दिलेली ती दुसरी प्रत असते. संग्राहकांना ती सहसा कमी आवडते, हा भाग वेगळा.

मग दांडी. ती तुटते, कारण कित्येक जण फिरकी पकडीने आवळत. तुटलेली दांडी सोनार डाख देऊन पुन्हा बसवतो. दांडीच्या बुडाशी राखाडी, ओघळलेला डाख दिसला की दुरुस्ती झालीय. आणखी एक शंका घ्यायची. डाख द्यायला तारा तापवावा लागतो आणि तापवताना मीनाकारी तडकते. म्हणून नवी दांडी दिसली की पुढच्या पाच टोकांकडे दुप्पट बारकाईने बघायचं.

(दृश्य : अंधारात जांभळ्या प्रकाशाची टॉर्च. ताऱ्याचं एक टोक दुधी उजळतं, बाकीची चार काळी राहतात.)

मीनाकारी म्हणजे भट्टीत वितळवून बसवलेली काच. टोकं आपटली की तिथली काच कपचीसारखी उडते. खरं तर उडालेलं टोक हा दोष कमी आणि वापराचा पुरावा जास्त. पण विकणाऱ्याला ते डाचतं, मग तो रेझिनमध्ये लाल रंग कालवून भरतो. ओळखायचं कसं? काचेला खोली असते. भिंगातून बघताना रंगाखालच्या चांदीवरच्या बारीक रेघा दिसतात, अधूनमधून सुईच्या टोकाएवढा बुडबुडाही. रेझिन सपाट दिसतं, प्लॅस्टिकच्या बांगडीसारखं, आणि बऱ्याचदा धातूच्या काठावर जरा चढलेलं असतं. जांभळ्या, म्हणजे अतिनील, टॉर्चखाली बहुतेक रेझिन चमकतं, जुनी काच सहसा नाही. शेवटचा उपाय असिटोनचा. कापसाचा बोळा, काठाला एकच थेंब. बोळा लाल झाला तर प्रश्न संपला. अर्थात विकणाऱ्याला विचारून.

सबंध नकली तारे ओतीव असतात. खरा तारा दाबाने ठोकलेला असतो, त्यामुळे अक्षरांच्या भिंती उभ्या राहतात. ओतीव ताऱ्यात त्या ओल्या मातीतून काढल्यासारख्या गोलसर होतात, पार्श्वभूमीवर सुईने टोचल्यासारखी छिद्रं असतात. वजनातला पाच-सहा ग्रॅमचा फरक स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरही कळतो.

तारा अस्सल निघाला तरी तो कशासाठी मिळाला, हे धातू सांगत नाही. विकणारे प्रत्येक ताऱ्याला 'रणांगणावरचा' म्हणतात. पण जून 1944 च्या हुकमाने सेवेच्या वर्षांवरही सन्मान मिळू लागले : 10 वर्षांना 'युद्धसेवेबद्दल' पदक, 15 वर्षांना लाल तारा, 20 वर्षांना 'लाल निशाण' सन्मान, 25 वर्षांना ऑर्डर ऑफ लेनिन. ही पद्धत 1957 पर्यंत चालली. त्यामुळे 1950 च्या आसपासचे कितीतरी तारे नियमित हजेरीचे आहेत. टेबलामागे बसलेल्या हिशेबनिसाचे सुद्धा. शेवटच्या लाखांतल्या क्रमांकांत अफगाणिस्तानातल्या युद्धात दिलेले पुष्कळ येतात.

पहिला तारा सोव्हिएत सेनानी, पुढे मार्शल झालेले वासिली ब्ल्यूखर यांना मिळाला, 1930 मध्ये. आठ वर्षांनी त्यांना अटक झाली आणि नोव्हेंबर 1938 मध्ये कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला.

(दृश्य : एक लहान पुस्तिका, कोपरे मळलेले. पान उलटतं. शाईतला क्रमांक आणि ताऱ्यावरचा क्रमांक शेजारी शेजारी.)

ताऱ्यामागचा माणूस धातू सांगत नाही, म्हणून कागद. प्रत्येक मानकऱ्याला ऑर्डरची पुस्तिका मिळे. नाव, सन्मानाचं नाव, त्याचा क्रमांक. एकाच माणसाला चार सन्मान मिळाले तर चारही क्रमांक त्याच पुस्तिकेत. जुन्या पुस्तिकेला कूपनंही असत, कारण सन्मानासोबत पैसे येत : लाल ताऱ्याला महिना 15 रूबल, लाल निशाणाला 20, लेनिनला 25, 'शौर्याबद्दल' पदकाला 10. वर ट्रामचा प्रवास फुकट. 1948 च्या जानेवारीपासून ह्या सवलती बंद झाल्या. फाडलेली कूपनं म्हणजे त्या माणसाने पैसे उचलले, पुस्तिका वापरली. पुस्तिकेतही खोडाखोड होते. क्रमांकाभोवतीचा कागद फिका किंवा खरखरीत लागला, तर शाई धुतलेली असू शकते. ओळ पाठीमागून उजेडात बघायची.

कागद नसेल आणि नुसता क्रमांक असेल, तर मालकाचं नाव अभिलेखागारातल्या कार्डावर सापडतं. नाव मिळालं की पुढचं काम बरंचसं फुकट होतं. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाचं मध्यवर्ती अभिलेखागार मॉस्कोजवळ पोदोल्स्कला आहे, आणि तिथल्या युद्धकाळातल्या शिफारसपत्रांच्या प्रतिमा 'पोदविग नरोदा' ह्या संकेतस्थळावर 2010 पासून टाकलेल्या आहेत. शोध नावाने लागतो, क्रमांकाने नाही, आणि नाव रशियन लिपीत टंकावं लागतं. शिफारसपत्रात काय नसतं! किती खंदक खणले, जखम कुठे झाली, तुटलेली तार किती वेळा जोडली.

लाल ताऱ्याच्या मानकऱ्यांत दोन भारतीय आहेत. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंह. दुसऱ्या महायुद्धात इराणमार्गे सोव्हिएत संघाला ट्रकांनी रसद पोचवण्याच्या कामाबद्दल त्यांना 1944 मध्ये लाल तारा मिळाला. निक्कम हे आडनाव ऐकून कान टवकारतील, पण ते तमिळनाडूचे.

(दृश्य : दोन सोनेरी तारे शेजारी शेजारी. दोन्ही पालथे केले जातात.)

पाठ बघायची सवय दुसऱ्या सन्मानांनाही लागू पडते. 'देशभक्तीपर युद्धाचा सन्मान', स्थापना मे 1942. सुरुवातीचे फितीवर टांगलेले, जून 1943 नंतरचे फिरकीचे. पहिल्या श्रेणीत सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास खरं सोनं. मग 1985 मध्ये, विजयाच्या चाळिसाव्या वर्षी, हयात असलेल्या माजी सैनिकांना तोच सन्मान सरसकट दिला. हे तारे चांदीचे, पहिल्या श्रेणीला वर मुलामा. युद्धकाळातल्यावर विळा-हातोडा वेगळा बनवून बसवलेला असतो, 1985 चा तारा एकाच तुकड्यात ठोकलेला. समोरून फोटोत दोघे जुळे दिसतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून पाठीचा फोटो नसलेली जाहिरात वाचायचीच नाही.

'जर्मनीवरील विजयाबद्दल' हे पितळी पदक जवळजवळ दीड कोटी लोकांना मिळालं. त्याची नक्कल करणं परवडतच नाही, शिकायला ते उत्तम. त्यावर स्टालिन डावीकडे बघतो, जपानवरील विजयाच्या पदकावर उजवीकडे. पूर्व जर्मनीची पदकं वेगळ्या स्वभावाची. त्यांच्यावर बहुधा क्रमांक नसतो, आणि 1990 नंतर न वाटलेले साठे बाजारात आले, त्यामुळे डबीतलं कोरं पदक हा तिथे नियमच आहे. काही मालिकांत सुरुवातीची पदकं 900 शिक्क्याच्या चांदीची आणि नंतरची नुसत्या मुलाम्याची. शिक्का न बघता चांदीच्या भावाने घेतलं की हात पोळतात.

खरेदी कुठून, ह्यालाही महत्त्व आहे. रशियात सोव्हिएत राज्यसन्मानांची बेकायदा खरेदी-विक्री हा फौजदारी गुन्हा आहे, दंडसंहितेचं कलम 324. तिथून टपालाने मागवणं म्हणजे विकणाऱ्याला आणि स्वतःलाही अडचणीत टाकणं. जुने तारे इतर देशांतल्या लिलावांतून फिरतात आणि तिथेही आधीच्या मालकाची पावती मागायची. ह्या मागण्याला काळा इतिहास आहे. 1983 मध्ये मॉस्कोत व्हाइस अ‍ॅडमिरल गेओर्गी खोलोस्त्याकोव यांचा आणि त्यांच्या पत्नीचा घरात खून झाला, त्यांच्या पदकांसाठी. मारेकरी पत्रकारितेचे विद्यार्थी म्हणून घरात शिरले होते.

(दृश्य : लाकडी खणांची पेटी. तारा कापडात गुंडाळला जातो.)

आणलेला तारा ठेवायचा कसा? कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पितळ कळकतं, फितीला बुरशी धरते. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या टाळा. त्यातून सुटणारं तेलकट द्रव्य चांदीला चिकटतं आणि पितळावर हिरवा चिकटा येतो. बिनआम्ली कागद, सुती कापड, सिलिका जेलची पुडी, आणि पुडी दर पावसाळ्यात बदलायची. फीत धुवायची नाही, रेशमाचा रंग शेजारच्या पट्टीत उतरतो.

फिरकी ताऱ्यालाच लावून ठेवा, सुटी ठेवली की हरवते. बोटांनी दोन आटे फिरवायचे आणि थांबायचं. पुरती आवळायची नाही. आत कापडाची जाडी नसते, फिरकी थेट पाठीला टेकते आणि आकड्यांवर गोल ओरखडा उठतो.